कर्दळीचा मान

कर्दळीला पहिलं लाल फूल आलं आणि समृद्धीचे पाय जमिनीवर ठरेनात!

ईट गावाच्या अलीकडची त्यांची वाडी. घराघरातल्या मोऱ्यांचं पाणी गटारानं खाली डबक्यात जायचं आणि बिराप्पामामाची मेंढरं तेच प्यायची. हगवणीनं दोन कोकरं गेली, तेव्हा दहावीतल्या या पोरीनं कंबर कसली. गटाराच्या वाटेत खड्डा खणला, त्यात खडी-वाळू भरली, शाळेच्या बागेतले कर्दळीचे कंद लावले. मुळं घाण शोषतात, असं बाईंनी शिकवलेलं. आणि खरंच, डबक्यात नितळ पाणी उतरायला लागलं. वाससुद्धा नाही!

"लई भारी!" सरपंच आण्णासाहेब म्हणाले. "रविवारी उद्घाटन. सत्यनारायण घालू."

वाडीभर आवतण द्यायला समृद्धीच पळाली.

रविवारी नवा ड्रेस घालून ती आली, तर खड्डा बोडका! सगळी कर्दळ कंदासकट उपटून मांडवाच्या चारी खांबांना बांधलेली.

"आण्णा, हे काय केलं?"

"आगं, केळीचे खुंट इथं कुठं मिळायचे? तुझ्या पूजेला तुझीच कर्दळ. मान हाय तिचा!"

बरं, परत लावू, म्हणून तिनं अख्खी पोथी कळ काढली. शिऱ्याचा प्रसाद वाटून झाला तशी ती दोऱ्या सोडायला लागली. तेवढ्यात बिराप्पामामाच्या बायकोनं, हरणाबाईमामीनं तिचं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"लावते खड्ड्यात."

"देवाला लागलेली वस्तू गटारात? येडी का खुळी तू? पाप लागंल!"

"मामी, तुमच्याच मेंढरांसाठी..."

"मेंढरांचं देव बघंल."

कर्दळ वाजतगाजत नेऊन ईटच्या तलावात सोडली. समृद्धीनं एक कंद ओढणीत लपवला होता. अंधार पडताच खडीत खुपसला. शाळेची बाग उन्हाळ्यात वाळून गेलेली, दुसरा कंद आणणार कुठून?

सकाळी पाहते तर तो कंद धुऊन, हळदीकुंकू लावून पिंपळाखाली ठेवलेला. मामीच तिथं हात जोडून उभी.

आठवड्यात डबकं पुन्हा काळं झालं. मेंढरं माना खाली घालून पीत होती. समृद्धी एकाला हुसकायची, तर दुसरं तोंड घालायचं.

"समृद्धे," काठीवर हनुवटी टेकून मामा म्हणाला, "पाणी परत वासाय लागलंय बघ. पूजेत कायतरी चुकलं असंल का गं?"

हुसकलेलं कोकरू वळसा घालून परत पाण्याशी आलं.