बंद इंजिनाचा दाब

चमत्कार बघायला शंभर-सव्वाशे माणसं जमली होती आणि ऐन चमत्काराच्या क्षणी त्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. इंजिनबाबांचा तसा नियमच होता. ट्रकतळाच्या टोकाला पत्र्याच्या शेडखाली एक जुनी टॅक्सी उभी होती आणि तिच्या बोनेटवर दोन्ही हात ठेवून बाबा डोलत होते. अंगात पांढराशुभ्र बॉयलर सूट. त्यावर ग्रीसचा ठिपका कधी पडला नव्हता आणि पडायचं काही कारणही नव्हतं.

"लोखंडालाही जीव असतो!" बाबा गरजले. "ऑईल म्हणजे त्याचं रक्त! त्या रक्ताला दाब कोण देतं? पंप? अरे, पंप नुसता निमित्ताला! मिटा डोळे, आज आणि पुढेही गाडी सुरू करताना दर वेळी! इंजिनाचा पहिला हुंकार ऐकू येईपर्यंत जो डोळे उघडेल, त्याच्या गाडीची जबाबदारी माझ्यावर नाही!"

आता स्वतःच्या गाडीचं वाटोळं कोण करून घेईल? सगळ्यांनी डोळे घट्ट मिटले. टॅक्सीवाल्याने आंधळ्यासारखी चाचपत चावी फिरवली, इंजिन धडधडलं, डोळे उघडले, आणि दोन महिने तळाशी लोळत पडलेला ऑईलच्या दाबाचा काटा मीटरच्या बरोबर मधोमध उभा! टॅक्सीवाला लहान मुलासारखा रडायला लागला. एका म्हाताऱ्याने टायरला हात लावून तो कपाळाला लावला.

गर्दीच्या मागे हातात जेवणाचा डबा घेऊन ताई उभी होती. सगळं गाव तिला ताईच म्हणायचं. ती व्हॅन चालवायची. आठवड्यातून तीन दिवस सहा पेशंटना डायलिसिससाठी चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात न्यायचं आणि परत आणायचं, हे तिचं काम. एक खेप चुकली तर या माणसांच्या अंगात पाणी साठतं, धाप लागते. दोन चुकल्या तर विचारायलाच नको. त्यामुळे व्हॅनचं इंजिन हा तिच्या दृष्टीने सहा जणांच्या जिवाचा प्रश्न होता. डबा होता धाकट्यासाठी. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. शेडला लागूनच त्याचं गॅरेज होतं, आणि बाबांपुढे येणारी प्रत्येक गाडी आधी त्याच्याकडे धुवायला जायची. मळक्या गाडीला बाबा हात लावत नसत.

ताई काही भोळीभाबडी नव्हती. वडील मोटारींचे वायरमन होते. दोघं भावंडं पाने आणि पक्कड खेळतच मोठी झाली. पण दोन महिन्यांपूर्वी व्हॅनचं इंजिन धूर ओकायला लागलं, तेव्हा धाकट्याने ते पूर्ण खोलून नव्याने बांधलं. एवढं मोठं काम तो पहिल्यांदाच एकट्याने करत होता. इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं, पण गरम झालं की ऑईलचा दाब पार खाली यायचा. धाकट्याने ऑईल बदललं, फिल्टर बदलला, दाब मोजणारा सेन्सर नवा घातला. काटा काही वर येईना. ताईची झोप उडाली. शेवटी एक दिवस धाकटाच म्हणाला, "ताई, एकदा बाबांना दाखवू या का?"

"तूसुद्धा?" ती हसली होती.

"लोकांना गुण येतोय ना. जातंय काय आपलं?"

बाबांनी हात ठेवला, ताईने डोळे मिटले, काटा उभा राहिला. तिने भावाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांग, गाडी पेशंटना न्यायच्या लायकीची आहे ना?" त्याने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "बिनधास्त ने. माझी शपथ." बाबांवर तिचा विश्वास चार आणे होता, उरलेले बारा आणे भावावर होते. त्या शपथेवर महिनाभरात तिने बारा खेपा केल्या. मधूनच इंजिनातून टक्‌टक् असा बारीक आवाज यायचा. त्याचंही बाबांकडे उत्तर तयार होतं. "ते इंजिनाचं नामस्मरण आहे. अडथळा आणू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरावी खेप. शेवटचा पेशंट चढला तो पंपकाका. तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केलेला, काटकुळा आणि खवचट माणूस. एरवी तो मागे बसायचा. आज पुढची जागा रिकामी होती. ताईने नेमाप्रमाणे डोळे मिटले आणि चावी फिरवायला घेतली.

"थांब, पोरी," पंपकाका म्हणाला. "इंजिन चालू आहे का?"

"नाही अजून. नुसती चावी दिलीय."

"मग हा काटा कसला दाब दाखवतोय?"

ताईने डोळे उघडले. इंजिन ठार बंद होतं, आणि काटा मधोमध ताठ उभा होता.

"पंपघरात मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं," काका म्हणाला. "पंप सुरू करण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं. पंप बंद असताना दाब दाखवणारं मीटर चालू असतानाही खोटंच बोलणार. तू रोज बघत नाहीस?"

"बाबांनी सांगितलंय, सुरू होईपर्यंत डोळे मिटायचे."

"असं होय!" काका एवढंच म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

ताईने चावी काढून घेतली. तिने ओळखीच्या दोन भाड्याच्या गाड्या बोलावल्या आणि सहाही पेशंटना त्यांत बसवून रवाना केलं. जाता जाता पंपकाकाने घराची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझं जुनं मीटर आहे, नळीसकट. त्याला वायर नाही, वीज नाही. त्याच्यात नुसतं ऑईल शिरतं आणि काटा ढकलतं. सेन्सर काढ आणि त्या भोकात ते बसव. अडाणी आहे बिचारं, खोटं बोलता येत नाही त्याला."

ताईने मीटर आणलं, पाना घेऊन सेन्सर काढला आणि नळी भोकात बसवायला जवळच्या जोडण्यांपैकी एक बसते का ते बघत अर्धा तास घालवला. अखेर काकाच्या मीटरच्याच डब्यातली एक बसली. इंजिन सुरू केलं. थंड असताना काटा बऱ्यापैकी वर गेला. ताईच्या मनात आशा आली. पण वीस मिनिटांनी इंजिन तापलं, आणि अडाणी मीटरचा काटा हळूहळू उतरत जवळजवळ तळाला टेकला. वर डॅशबोर्डवरचा काटा मात्र तसाच मधोमध, जागचा हललेलासुद्धा नाही. टक्‌टक् सुरू झाली होती. ताईने घाईने इंजिन बंद केलं.

मग ती पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली सरकली. मीटरकडे जाणारी सेन्सरची वायर कापलेली होती, आणि तिच्याऐवजी वीज अडवणारा तांदळाएवढा एक रेझिस्टर जोडून दुसरं टोक पत्र्याला बांधलेलं होतं. चावी दिली की त्यातून ठरावीक वीज वाहणार आणि काटा ठरावीक जागी उभा राहणार. इंजिनात ऑईल असो, पाणी असो, नाहीतर काहीच नसो. इतकी साधी, पोरकट लबाडी होती.

जोडावर काळी चिकटपट्टी होती. ताई ती सोडवायला गेली आणि तिचा हात थांबला. पट्टीचं शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं. वडिलांनी दोघांना शिकवलं होतं: टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उद्या जो कोणी सोडवायला येईल त्याला नखं घासत बसावं लागणार नाही. आख्ख्या ट्रकतळावर दुसरं कोणीही असं करत नव्हतं. ताई तशीच डॅशबोर्डखाली पडून राहिली. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या दुमडलेल्या टोकाने कळलं. बाबा परका होता, त्याचा राग आला तरी तो सहन झाला असता. भावाने तिच्यासमोर उभं राहून शपथ घेतली होती.

शेड दोन गल्ल्या पलीकडे होती, इंजिन गार झाल्यावर तेवढं अंतर जाता येणार होतं. ताई तिथे पोचली तेव्हा एक छोटा टेम्पो धुऊन, पुसून तयार होता आणि बाबांनी नुकते हात वर केले होते. ताईने व्हॅन सरळ शेडसमोर आणून लावली.

"बाबा, एक विनंती आहे. माझ्या गाडीचं इंजिन सुरू न करता नुसती चावी द्या. डोळे उघडे ठेवून."

"शंका!" बाबा गर्दीकडे वळले. "शंका म्हणजे ऑईलमध्ये मिसळलेलं पाणी! तिने इंजिन आतून गंजतं!"

"गंजू दे. मीच देते चावी."

तिने दार सताड उघडलं आणि चावी अर्धी फिरवली. पुढची दहा-पंधरा माणसं वाकून बघू लागली. इंजिन बंद. काटा उभा. गर्दीत कुजबुज झाली. बाबा क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस तो!

"बघा, बघा! शरीर झोपलंय, पण आत्मा जागा आहे!"

"हा घ्या आत्मा," ताई म्हणाली आणि तिने डॅशबोर्डखालून रेझिस्टर ओढून काढला. काटा धपकन खाली पडला. तिने तो तांदळाएवढा तुकडा तळहातावर ठेवून सगळ्यांसमोर धरला. "डोळे मिटायला का सांगतात, कळलं का? काही पवित्र घडत असतं म्हणून नाही. चावी दिल्यापासून इंजिन सुरू होईपर्यंतच्या त्या दोन क्षणांत लबाडी उघडी असते. त्या दोन क्षणांपुरतं तुम्ही बघू नये, एवढंच यांना हवंय. जा, आपापल्या गाडीत बसा आणि इंजिन सुरू न करता चावी द्या."

माणसं पांगली. तळावर ठिकठिकाणी दारं उघडली, आणि मग एकेक आवाज येऊ लागला. "माझाही उभा!" "माझाही!" कालचा टॅक्सीवाला बाहेर येऊन सुन्न उभा राहिला, रात्री त्याने घरी पेढे वाटावेत तशी काटा उभा राहिल्याची बातमी वाटली होती. एक ट्रकवाला मात्र घाबराघुबरा होऊन ओरडला, "अरे, माझा काटा तर खालीच आहे! बाबा माझ्यावर कोपले का?"

"तू अजून बाबांना गाडी दाखवलीच नाहीस, येड्या!" त्याचा क्लीनर म्हणाला. लोक हसले. बाबांना ते हसणं चांगलंच झोंबलं. धमकीपेक्षा हसण्याची भीती अशा लोकांना फार असते. आत जाऊन फोन करून येतो म्हणत ते शेडच्या मागच्या दाराने गेले, आणि त्यांचा पांढरा सूट पुन्हा काही त्या तळावर दिसला नाही.

ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती धाकट्याकडे बघत होती. तो ओला फडका हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभा होता.

"रेझिस्टरवरची ही पट्टी कोणी गुंडाळली?"

धाकट्याने मान खाली घातली. "इंजिन गाडीत बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी सुट्या भागांच्या ट्रेमध्ये एक पितळी बूच सापडलं. ऑईल ज्या वाटेने फिरतं तिच्या टोकाला, पुढच्या झाकणाआड ते बसतं. साफ करताना काढलं आणि परत लावायचं विसरलो. ऑईल दाब धरण्याआधीच तिथून आतल्या आत खाली गळतं. बाहेर थेंब दिसत नाही."

"म्हणजे तुला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं."

"सगळ्या तळाला सांगून बसलो होतो ना, की पूर्ण इंजिन मी एकट्याने बांधलं म्हणून! परत खोललं असतं तर हसले असते लोक. बाबा म्हणाले, इंजिनाच्या आत कोण बघतंय? लोक काटा बघतात. आधी हे काम त्यांचा दुसरा माणूस करायचा, पण एकदा तुझ्या गाडीत मी केल्यावर ते बाकीच्या गाड्याही माझ्याकडेच पाठवायला लागले. नाही म्हणायची सोय उरली नाही." त्याचे डोळे भरून आले. "ताई, तू खेपेला गेलीस की परत येईपर्यंत मी दारात उभा असायचो. घास उतरायचा नाही गं."

"मग झाकण का नाही उघडलंस?" ताईचा आवाज चढला. "एक दिवसाचं काम! बूच विसरलो म्हणाला असतास तर मी पाना धरायला बसले असते तुझ्याबरोबर. चूक कोणाच्या हातून होत नाही? पण माझ्यामागे सहा माणसं बसवून तू मला डोळे मिटायला लावलंस. माझ्या हाताला हात लावून शपथ घेतलीस. त्या बाबाने मला फसवलं नाही रे. त्याला मी ओळखतच नव्हते."

धाकट्याने फडका खाली टाकला आणि पाना उचलला.

त्याच दुपारी, टॅक्सीवाल्यासकट वीसेक माणसांच्या देखत, त्याने व्हॅनचं पुढचं झाकण खोललं आणि रिकामं भोक सगळ्यांना दाखवलं. ऑईल साठतं ते खालचं चेंबर उतरवून बेअरिंगही तपासली. दोन घासली होती, ती बदलली. बूच बसवलं. तिसऱ्या दिवशी इंजिन तापवून अडाणी मीटर लावलं. दाब गरम असताना थोडा उतरला, जसा खऱ्या इंजिनाचा उतरतो, आणि तिथे टिकला. ज्यांच्या ज्यांच्या गाडीत रेझिस्टर होता त्यांना धाकट्याने स्वतः जाऊन सांगितलं. कोणाचं ऑईल पातळ होतं, कोणाची चेंबरमधली जाळी गाळाने तुंबली होती, कोणाचा पंप झिजला होता. प्रत्येक रोगाला कारण होतं आणि प्रत्येक कारणाला पाना होता. हात ठेवून बरं होण्यासारखं त्यांतलं एकही नव्हतं.

वाचकहो, काटा वर चढवणं आणि दाब वाढवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तब्येत असो, गाडी असो की संसार, दुखणं आत असताना बाहेरचा काटा उभा करून देणारे पुष्कळ भेटतील. कधी पांढऱ्या सुटात भेटतील, कधी आपल्याच घरात जेवायला बसतील. त्यांना विचारा, तपासायचं कसं? आणि ज्याला तो प्रश्न आवडत नाही, त्याच्या गाडीत बसू नका.

पुढच्या खेपेच्या सकाळी धाकटा व्हॅनजवळ आला. पेशंट चढत होते. "ताई," तो हळूच म्हणाला, "आता तरी माझ्यावर भरवसा आहे ना?"

"नाही," ताई म्हणाली. तिला ते बोलताना फार वाईट वाटलं, पण ती बोलली. "काम चांगलं झालंय. ते मी स्वतः मोजून बघितलंय, म्हणून आज निघतेय."