आरशातल्या पायऱ्या

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी टेकलेल्यांनीही आत या, जागा होईल. आजची गोष्ट आरडून सांगण्यासारखी नाही. एका चित्रकाराची आहे, मुलांच्या एका चित्रपुस्तकाची आहे, आणि एका पोरीची, जिला सगळं गाव 'चौकशी' म्हणायचं. गोड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण देवाने कान दिले ते काही नुसतं गोड ऐकायला नव्हेत.

तर चित्रकार. साठी उलटलेला, हाताने सोन्यासारखा, जिभेने लोण्यासारखा. चारचौघांत कुणाला 'नाही' म्हणायचं म्हणजे त्याला दाढ काढून घेतल्यासारखं वाटे. सबंध आयुष्य त्याने मान डोलावण्यात घालवलं होतं आणि लोक त्यालाच चांगुलपणा म्हणत होते.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या ओढ्याला तीन वर्षांपूर्वी पूर आला, घरं गेली, गुरं गेली, पण शाळेतलं एकही पोर गेलं नाही. सगळी फाटकातून बाहेर पडली, उजव्या हाताला वळली आणि दगडी पायऱ्यांनी टेकडीवर चढली. हे ऐकून शहरातल्या एका प्रकाशनाने ठरवलं की यावर चित्रपुस्तक काढायचं, म्हणजे गावोगावच्या मुलांना पूर काय असतो ते कळेल, भीती जाईल, आणि संकटातून उठून उभं राहायचं कसं तेही समजेल. हेतू चांगला होता. हेतूला कुणी नावं ठेवू नयेत.

चित्रकार महिनाभर त्या गावात राहिला. शाळेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे स्टूल टाकून बसायचा आणि विटेला वीट, दाराला दार असं काढायचा. पायऱ्यांना लागूनच शिवणकामाचं एक दुकान होतं. एक मशीन, एक बाई, आणि गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला माणसाएवढा आरसा. त्या बाईची सात वर्षांची पोर म्हणजे चौकशी. शाळा सुटली की ती त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राही.

"आजोबा, पायऱ्या मोजल्यात का?"

"मोजल्या की. चौसष्ट."

"पासष्ट. सगळ्यात खालची मातीत गेलीय."

चित्रकाराने उठून चपलेच्या टोकाने माती उकरली. होती. पोरगी हसली नाही, नुसती 'बघा' अशी मान हलवून गेली. त्या दिवशी त्याने चित्रात सगळ्यांच्या पुढे धावणारी म्हणून तिलाच काढलं. दोन वेण्या, निळा फ्रॉक, आणि डाव्या मनगटावर होडीच्या आकाराचा भाजल्याचा डाग. आईच्या इस्त्रीला लहानपणी हात लागला होता.

चित्रं घेऊन तो प्रकाशनाच्या कचेरीत गेला. संपादकबाईंनी एकेक बघितलं आणि पुराच्या चित्रापाशी थांबल्या.

"अप्रतिम आहे. पण मुलं मागे पळतायत."

"मागे कुठे? टेकडीकडे पळतायत."

"अहो, पान कुठून उलटतं? उजवीकडून. मग धावणाऱ्याचं तोंड उजवीकडेच हवं. तुमची मुलं डावीकडे पळतायत. वाचणाऱ्या पोराला वाटेल, ही गोष्ट सोडून घरी निघाली. पंचवीस वर्षं हेच करत आल्ये मी. चित्र फिरवून घ्या."

"पण फिरवलं तर पायऱ्या ओढ्याच्या बाजूला जातील."

"कुणाच्या ओढ्याच्या? हे पुस्तक हजार गावांत जाणार. चित्र आहे हो, नकाशा नाही."

त्यांचं चूक नव्हतं. धंद्यातला नियमच तो. चित्रकाराची मान, सवयीप्रमाणे, डोलली. कॉम्प्युटरवर एका टिचकीत शाळा फिरली, टेकडी फिरली, मुलं फिरली. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं तेवढी उलटी दिसू लागली. ती त्याने घरी बसून पुन्हा सरळ रंगवली. चोर जाताना पावलं पुसतो, तशी.

पुस्तकाचं नाव 'पाणी आलं, चला वर'. पहिल्या शंभर प्रती त्याच शाळेला फुकट गेल्या, आणि आठवड्याने प्रकाशनाचा समारंभही तिथेच ठरला. पटांगणात सतरंज्या, खुर्च्या, प्रमुख पाहुणे, संपादकबाई, आणि मधोमध चित्रकार.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. फाटकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला त्या पासष्ट पायऱ्या, थेट टेकडीवर. डाव्या हाताला एक गल्ली. तिच्या तोंडाशीही डझनभर पायऱ्या आहेत, म्हणून तीही वर जाते असं वाटतं. पण पुढे ती वळते आणि ओढ्यावरच्या साकवाला जाऊन मिळते. पहिलीच्या बाई त्या वर्षीच बदलून आलेल्या. मनापासून शिकवणाऱ्या. पुस्तक हातात पडल्या दिवसापासून त्यांनी वर्गाचा सराव सुरू केला होता, चित्रात दिसतं तस्सा. फाटक, डावा हात, बारा पायऱ्या, शाबास, परत वर्गात.

भाषणं चालू असताना चौकशी उठून उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही शाळा उलटी काढलीत."

पटांगण हसलं. पहिलीच्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खाली बस गं. आठवडाभर हेच लावलंय हिने. पुस्तक तू काढलंस का?"

"आमचं दुकान त्या बाजूला आहे. आणि माझा डाग ह्या हाताला आहे." तिने डावं मनगट वर केलं. "पुस्तकात ह्या हाताला काढलाय."

"आली बघा चौकशी समिती," कुणीतरी मागून म्हणालं. पुन्हा हशा.

बाई चित्रकाराकडे वळल्या. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "सर, तुम्हीच सांगा हिला एकदाचं. कुठल्या बाजूने जायचं?"

मंडळी, देव माणसाला हाक मारतो ती काही ढगातून नाही. अशीच मारतो, सतरंजीवरून, सात वर्षांच्या तोंडून. चित्रकाराने ऐकली ती हाक. त्याला पायऱ्या दिसल्या, साकव दिसला. त्याच्या शेजारी संपादकबाई होत्या, समोर पाहुणे होते, गळ्यात हार होता. खरं सांगायचं तर उभं राहून म्हणावं लागलं असतं की पोर बरोबर आहे आणि मी चुकलो आहे. शंभर माणसांसमोर.

"पुस्तकात आहे तसंच," तो म्हणाला. "चित्रकाराला थोडं जास्त दिसतं बाळ."

टाळ्या पडल्या. वर्गातल्या सरावाचं गावाला ठाऊक नव्हतं; सगळ्यांना वाटलं, चित्रापुरतंच चाललंय. पोरगी खाली बसली. ती रडली नाही. आपल्या मनगटाकडे मात्र बराच वेळ बघत राहिली, जणू डागच चुकीच्या हाताला असावा.

उद्या बाईंना पत्र टाकू, असं त्याने परतताना ठरवलं. उद्याचं परवा झालं. मग पुस्तकाला पुरस्कार मिळाला, मग दुसऱ्या पुस्तकाचं काम आलं. पत्र मनात लिहून तयार होतं. ते तिथेच राहिलं.

तीन महिन्यांनी, भर सकाळी अकराला, डोंगरावर ढग फुटला.

शाळेत त्या वेळी दोन वर्ग होते. तिसरीचे मास्तर आळशी म्हणून प्रसिद्ध. पुस्तकाचा गठ्ठा त्यांनी कपाटातून काढलाच नव्हता. घंटा वाजल्यावर ते नुसतं "पळा" म्हणाले आणि पोरं सवयीने उजवीकडे पळाली. तो वर्ग अख्खा वाचला. पहिलीचा वर्ग शिस्तीत, हात धरून, रांगेत निघाला. रांगेच्या पुढे चौकशी, कारण पुस्तक सगळ्यात चांगलं तिलाच पाठ होतं. मागून वळून पळालेली सहा पोरं वाचली. अकरा गेली, आणि बाई गेल्या. बाईंच्या दोन्ही काखांत एकेक पोर होतं.

महिन्याभराने संपादकबाईंचा फोन आला. दुसरी आवृत्ती काढायची होती. सगळे तेच पुस्तक मागत होते, त्या गावाचं. पहिल्या पानावर मुलांना श्रद्धांजली घालू, म्हणाल्या.

"ते चित्र सरळ करावं लागेल," चित्रकार म्हणाला.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "आता? आता सरळ केलं तर लोक दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बघतील. कशाला? चित्रच आहे ते."

त्याने फोन ठेवला, कपाटातून मूळ चित्र काढलं, गुंडाळी काखेत मारली आणि गाडी पकडली.

शिवणकामाचं दुकान उघडं होतं. पाणी तिथवर चढलंच नव्हतं. ती बाई मशीनवर होती. तिने मान वर केली, त्याला ओळखलं आणि पुन्हा सुईत बघू लागली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, आरशाच्या समोर, ते पुस्तक पडलेलं होतं.

चित्रकार उभ्या उभ्याच सगळं बोलला. चित्र कसं फिरवलं, का फिरवलं, पाटी कशी रंगवली, समारंभात कसं खोटं बोलला. मशीन एकदाही थांबलं नाही. बोलणं संपलं तेव्हा तिने दाताने दोरा तोडला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "समारंभाच्या रात्री तिने पुस्तक ह्या आरशासमोर धरलं होतं. म्हणाली, आई बघ, आरशात आपली शाळा बरोबर आहे. नुसती आपली पाटी उलटी. मी म्हटलं, मोठ्यांच्या चुका काढू नयेत. तिने ऐकलं नाही, तर एक लगावली."

चित्रकाराला बसावंसं वाटलं. तिने बसा म्हटलं नाही.

"वाचलेलं एक पोर सांगत होतं. त्या दिवशी फाटकातून ती आधी इकडेच वळली, घराकडे. बाईंनी हाक मारली, चौकशी, पुस्तकात काय आहे? मग फिरली."

"मी सगळ्यांना सांगणार आहे," चित्रकार म्हणाला. "माझ्या नावानिशी. छापून आणतो."

"सांगा की. तुम्हाला बरं वाटेल."

त्याने मूळ चित्राची गुंडाळी पुढे केली. "हे सरळ आहे. तुमच्यासाठी आणलं."

"हे आता सरळ होऊन काय करू? तिच्या हातात होतं ते हे." तिने स्टुलावरचं पुस्तक उचललं, ते पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. "आरशाकडे तोंड करून धरा."

त्याने धरलं. आरशात शाळा सरळ झाली. निळा फ्रॉक उजव्या हाताला वळला होता, डाग डाव्या मनगटावर आला होता, पुढे पायऱ्या होत्या, टेकडी होती. पाटीवरची अक्षरं तेवढी उलटी.

"रोज बघते मी. इथे ती वर जाते," आई म्हणाली. "पण एका हाताने शिवायचं, एका हाताने पुस्तक धरायचं, जमत नाही. आता तुम्ही आलात."

मशीन सुरू झालं. ती चार टाके घाली, आरशात बघे, पुन्हा चार टाके. चित्रकाराने ज्या हातांनी जन्मभर नुसता कुंचला उचलला, त्यांना एक पातळ पुस्तक जड झालं. खांद्यात कळ आली, पान खाली झुकलं, आणि आरशातली पोर पायऱ्यांपर्यंत पोहोचायच्या आधीच चौकटीबाहेर गेली.

"वर धरा," ती म्हणाली.

त्याने वर धरलं. पहिल्यांदा त्याच्या मानेला डोलावं असं वाटलं नाही. बाहेर ऊन उतरलं, गिऱ्हाईक डोकावून गेलं, आणि प्रत्येक वेळी पुस्तक झुकलं की तेवढेच दोन शब्द येत राहिले. रागाने नाही, रडूनही नाही. कापड सरळ धरा म्हणावं, तसे.

मंडळी, चित्रकाराला विसरलात तरी चालेल. त्याचं देव बघून घेईल. त्या पोरीला मात्र विसरू नका. मातीत गेलेली पासष्टावी पायरी तिने शोधली होती. तिच्या डाव्या मनगटावर डाग होता. डाव्या. एवढं लक्षात ठेवा.