वर, खाली, थांब

बावीसशे चाळीस किलो.

लोखंडी कवटी, दात सुटे, वेगळ्या पेटीत.

शनिवारची तिकिटं केव्हाच संपली.

नवऱ्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

वायरलेसवर बोलायचे शब्द तीनच: वर, खाली, थांब.

"भारी!"

वायरलेसमधून नवऱ्याचा आवाज आला आणि छताच्या तुळईवर उभ्या असलेल्या तिने लगेच बटण दाबलं.

"थांब."

मोटारवाल्याने साखळ्या ओढणाऱ्या मोटारी बंद केल्या. हेवी मेटल बँडची ती कवटी रंगमंचाच्या वर, चार साखळ्यांना अधांतरी लटकून राहिली. एकोणीस वर्षं या सभागृहाच्या छताला दिवे, स्पीकर, जे काही टांगायचं ते नवराच टांगत आला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. खांदा गेला, तो जमिनीवरच्या कामाला लागला आणि छत तिच्याकडे आलं. मुख्य म्हणून हा तिचा पहिलाच कार्यक्रम.

"खाली," ती म्हणाली. "परत वजन करा."

"अगं, तसं नाही. भारी म्हणजे... झकास या अर्थाने."

"वायरलेसवर त्याचा एकच अर्थ. खाली."

बँडच्या मॅनेजरने कपाळाला हात लावला. "चाळीस मिनिटं जातील! अजून निम्मे दिवे पेटीत आहेत!"

मोटारवाला गालात हसला. "वहिनी, स्वतः उस्ताद सांगताहेत ना? घरचं भांडण घरी मिटवा की."

"घरी मी त्यांचं ऐकते. निदान ऐकल्यासारखं करते. कवटी खाली घ्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. आज माघार घेतली तर या छताखाली आपण जन्मभर वहिनीच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने तुळईवर बैठक मारली, पाय खाली सोडले आणि कवटी उतरेपर्यंत हातमोज्यातला कचरा झटकत बसली.

काट्यावर आकडा आला. बावीसशे चाळीस. ना एक किलो जास्त, ना कमी.

"झालं समाधान?" मॅनेजर खालून ओरडला.

"झालं." माफी नाही, खुलासा नाही. "आता चारही हूक हाताने हलवून बघा आणि मग मला सांगा."

हूक बघून झाले. मोटारवाला आपल्या जागेवर गेला. त्याने पँटला हात पुसले.

"उस्ताद, घेऊ वर?"

नवऱ्याचा अंगठा सवयीने बटणावर गेला. मग त्याने पाहिलं, मोटारवाल्याची मान वर होती, छताकडे. त्याने अंगठा काढला आणि वायरलेसच्या टोकाने हनुवटी खाजवली.

"वर," ती म्हणाली.

कवटी सावकाश चढली. तिच्या बुटांपाशी कपाळ आलं तेव्हा तिने थांब म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत ती शिडीवरून उतरली, तेव्हा नवरा डाव्या हाताने शिडी धरून उभा होता.

"मी कवटीला म्हणालो नव्हतो," तो हळूच म्हणाला.

"मग कशाला?"

त्याने शिडीचा बोल्ट चाचपून पाहिला. "ही हलतेय जरा. आवळून घेतो."

भारी हा शब्द कानावर पडला त्याच्या क्षणभर आधी तिने मधली तुळई चालून पार केली होती. कमरेचा पट्टा अडकवलेला, दोन्ही हात मोकळे.