क्लबातून बाहेर पडताना

“दार उघडेपर्यंत फक्त धमधम ठेव, भिंतीतून येते तेवढीच,” असं फ्राउकेबरोबर संगीत करणाऱ्या टिलने सुरुवातीलाच बजावलं होतं. फ्राउकेने ते पाळलं. बर्लिनच्या क्लबातली त्या दोघांची एक रात्र अल्बममध्ये नुसत्या आवाजांतून क्रमाने उभी राहिली: रांग, आत फोटो काढू नयेत म्हणून फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेला ठिपका, मग नाच. अडलं ते शेवटच्या तुकड्यापाशी. सोमवारी अल्बम कंपनीला द्यायचा होता आणि बाहेर पडताना काय ऐकू आलं, तेच ठरेना.

“चर्चच्या घंटा,” ती फोनवर म्हणाली. “रविवार होता. उन्हाने डोळे दिपले होते.”

“अगं बाई, अंधार होता. पहिली ट्राम खडखडत गेली. सोमवारची पहाट.”

“शनिवारी रात्री आत गेलो, मग रविवार कुठे गेला?”

“नाचून घालवलास. क्लब सोमवारपर्यंत चालूच असतो. मला काय विचारतेस?”

फोन चालू ठेवूनच तिने शेवटच्या तुकड्याला आधी घंटा लावून पाहिल्या, मग ट्राम. दोन्ही खरी वाटली. त्या रात्री आपण दोघं एकत्रच होतो ना, अशी तिला शंका आली.

“खोटं वाजवू नकोस हं,” टिल हळूच म्हणाला. “माझंही नाव आहे त्यावर.”

“नाही वाजवणार. उद्या पुन्हा जाते, शुद्धीत राहते, आणि बाहेर पडताना जे कानावर येईल तेच ठेवते.”

“दारवाला निवडूनच सोडतो. एकटीला घेईल आत?”

“ते त्यालाच माहीत.”

रविवारी सकाळी, बर्लिनमध्ये लोक नाश्ता करून क्लबकडे निघतात त्या वेळी, फ्राउकेने लोणी लावलेला पाव खाल्ला. आता तिला घंटाही आठवत होत्या आणि ट्रामही. तिने दार ओढून घेतलं आणि ती क्लबकडे जायला जिना उतरू लागली.