तिसऱ्या मजल्यावरचं लवकरच

मॉलमधलं एखादं दुकान बंद पडलं, की त्याच्या तोंडावर मोठा छापील पडदा लावायचा, हे काम बोर्डवाल्याचं. पडद्यावर पिशव्या उचलून हसणारी एक बाई आणि खाली ठळक अक्षरांत ‘लवकरच येत आहे’. काय येणार, कोण येणार, ते कोणी विचारायचं नाही. पुढे पुढे मॉलमधल्या लोकांनी त्या पडद्यालाच ‘लवकरच’ म्हणायला सुरुवात केली. चपलांच्या दुकानाचं काय झालं? त्याचं लवकरच झालं. मेलेल्याला मेला म्हणायचं नाही, असा तो सभ्य कारभार होता.

त्या जागेवर आधी बाटल्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, धुराडं पाडलं आणि शहराबाहेरच्या त्या उजाड माळावर मॉल उभा राहिला. आधी मॉल आला, वस्ती मागून आली. सुरुवातीला लोक ठेवणीतले कपडे घालून यायचे, सरकत्या जिन्यावरून नुसतेच वरखाली करायचे आणि फुकटची गार हवा खाऊन घरी जायचे. मग शेजारी दुसरी इमारत जोडली, सिनेमा आला, गाडी लावायला जागा मिळेना. त्याच भरात बोर्डवाल्याच्या दादाने तिसऱ्या मजल्यावर बटणं, लेस आणि लोकरीचं दुकान थाटलं. वहिनी गल्ल्यावर, दादा गिऱ्हाइकासमोर. चांगलं चाललं होतं, उगाच कशाला खोटं बोला.

पण बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर दुसरा मॉल झाला. तो कानामागून आला आणि तिखट झाला. इथला सिनेमा गेला, वाणसामानाचं मोठं दुकान गेलं. मग वीज वाचवायची म्हणून मॅनेजरने तिसऱ्या मजल्याचा सरकता जिना बंद केला. बंद सरकत्या जिन्याच्या पायऱ्या साध्या जिन्याहून उंच असतात, चढताना गुडघे बोलायला लागतात. दादाची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या बायका. दोन बटणांसाठी कोण मरायला वर येणार? शेवटी दादाने तळमजल्यावरचा, दाराजवळचा रिकामा गाळा मागितला. तो मिळाला तर दुकान जगणार, नाहीतर नाही, हे नवराबायकोला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी मॅनेजरने बोर्डवाल्याला केबिनमध्ये बोलावलं.

“तुझ्या भावाचं ठरलं. लवकरच. तिसरा मजला पुरता बंद करतोय. पडदा छापायला टाक.”

“आणि खालचा गाळा?”

“तो कशाला देतोय? सगळी इमारतच विकायची चाललीय.”

“दादाला सांगितलंत?”

“नोटीस जाईल की.”

बोर्डवाला तसाच वर गेला. जड पावलांनी गेला, हे सांगायला नकोच. दादाने त्याला जिन्यातच गाठलं. “काय म्हणाला रे मॅनेजर? आमचं काही बोलला?”

बोलत बोलत दोघे दुकानात शिरले, तिथे वहिनी बटणं निवडत होती. तिचा हात थांबला. सगळं धडधडीत सांगायचं, तर बोर्डवाल्याची जीभ उचलेना. तो एवढंच म्हणाला, “लवकरच म्हणाले.”

दादाला मॉलची भाषा येत नव्हती, असं नाही. इतकी वर्षं तिथेच काढलेली. पण आशा लागलेल्या माणसाचे कान वेगळेच असतात. त्याने टेबलावर थाप मारली. “ऐकलंस का गं? लवकरच मिळतोय गाळा!” वहिनीचे डोळे भरून आले. अरे दादा, ते लवकरच नव्हे, आपलं लवकरच, एवढंच बोलायचं होतं. पण टेबलावरच्या कात्रीची धार तपासल्यासारखं करून बोर्डवाल्याने वेळ मारून नेली.

नंतर मॅनेजरला वाटलं भाऊ सांगेल, आणि भावाला वाटलं नोटीस सांगेल. नोटीस निघालीच नाही आणि कोणीच कोणाला काही सांगितलं नाही.

पडदा छापून आला त्या सकाळी बोर्डवाला गुंडाळी खांद्यावर टाकून मॉलच्या दारातून आत शिरला आणि जागच्या जागी खिळला. दाराजवळच्या रिकाम्या गाळ्यापुढे खोक्यांचा ढीग. लोकर, लेस, बटणांचे डबे, गल्ल्याची पेटीसुद्धा. नवराबायकोने वरचं दुकान रिकामं करून सगळं सामान त्या मेलेल्या जिन्यावरून आपल्या हातांनी खाली आणलं होतं. वहिनी खोक्यावर बसून पोटऱ्या चोळत होती. किल्ली कधी मिळते, याची दोघं वाट बघत होती.

“आला बघ,” दादा म्हणाला. “नव्या दुकानाचा बोर्ड ना रे? उघड की, बघू दे तिला.”

“दादा, नंतर.”

“नंतर कशाला?” दादाने गुंडाळी ओढून घेतली आणि फरशीवर सोडली. हसणारी बाई उलगडली. ‘लवकरच येत आहे’ हे त्याने मोठ्याने वाचलं आणि छाती फुगवली. मग जन्माची सवय. पडद्याची कड नाकाशी धरून हात लांबवला, लेस मोजायची तशी. एक हात, दोन हात. मोजता मोजता त्याचा वेग कमी झाला. त्याने गाळ्याच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“हा इथे बसायचा नाही,” तो हळूच म्हणाला. “हा वरच्या दाराच्या मापाचा आहे.”

बोर्डवाल्याने मान खाली घातली.

“तुला त्या दिवशीच माहीत होतं.”

“हो.”

दादाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तो खाली वाकला, पडदा नीट गुंडाळला आणि भावाच्या हातात दिला. “मला कळलं. तिला तू सांग. आणि साध्या शब्दांत सांग, मॉलच्या नको.”

वहिनी दोघांच्या तोंडाकडे बघत उठून उभी राहिली होती. केसांना लोकरीचा धागा चिकटलेला.

“वहिनी,” बोर्डवाला म्हणाला, “दुकान बंद झालं.”

“अगंबाई,” ती हळहळली. “कोणाचं हो, भावोजी?”