चार गावांचा गंज

"उद्या सकाळच्या गाडीनं चाल माह्यासंग चंद्रपूरले. तुह्या धंद्याचे भांडे घेऊन देतो," असं गुणवंतराव जेवता जेवता म्हणाले आणि पुनमच्या हातातलं वरण ताटात पडायचं ते थेट त्यांच्या धोतरावर सांडलं.

आता यात पुनमचा काय दोष सांगा! अहो, हाच तो सासरा. ती पोंभुर्ण्यात कुणाच्या वाढदिवसाचा, कुणाच्या बैठकीचा स्वयंपाक करायला जाऊ लागली, तेव्हा यानंच पानठेल्यासमोर उभं राहून साऱ्या गावाला ऐकवलं होतं, की आमची सून आता लोकायची उष्टी काढाले जाते. देवळातून मागून आणलेली भांडी डोक्यावर घेऊन ती अंगणात आली की हा खाट सोडून गोठ्याकडे चालू पडायचा. नवरा गोपाल खाणीत कामाला. तो एवढंच म्हणायचा, "बाबाच्या नादी लागू नको." आणि तोच बाबा आज धोतरावरचं वरण पुसत शांतपणे विचारत होता, "येतेस ना?"

"हाव, मामाजी," पुनम म्हणाली. दुसरं काही सुचेना तर काय म्हणणार?

एसटीत ती खिडकीपाशी बसली खरी, पण नजर सारखी म्हाताऱ्याकडे. याला काय झालं? कुणी कान भरले, की कुणी कान उपटले? म्हाताऱ्याचा चेहरा वाळला होता, हे तिला दिसलं. पण उन्हाळ्यात कोण वाळत नाही! शिवाय मनात नुसत्या भांड्यांच्या उड्या चालल्या होत्या. दोन तोंडांची गॅसभट्टी, डाळ वाटायचा मोठा ग्राइंडर, मधल्या मापाची जाड पातेली, अन्न गरम ठेवायची झाकणाची भांडी. देवळातल्या पुजाऱ्यापुढे आता हात पसरायचा नाही. एवढ्या एका विचारानं तिला गुदगुल्या होत होत्या.

जलालुद्दीनभाईंचं दुकान जुन्या बाजारात. गुणवंतरावांच्या घरची निम्मी भांडी जलालभाईंच्या वडिलांच्या हातची. "या भाऊ, या! किती दिवसानं!" करत त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, चहा मागवला. पुनम आधी बिचकली, मग अशी सुटली की विचारू नका. भट्टीची चावी फिरवून बघ, ग्राइंडरचा दगड हलवून बघ, पातेल्याचा काठ बोटानं चाचपून बघ. जलालभाई तर म्हणाले, "बाई, तुम्ही सामान घेऊन राह्यल्या का पोरगी पाहून राह्यल्या?" ती खळखळून हसली. सासऱ्यासमोर अशी ती पहिल्यांदाच हसली असेल.

आणि तिथंच माशी शिंकली.

"हे सारं ठीक आहे," गुणवंतराव म्हणाले, "पन आंदी गंज पाह्य." आणि त्यांनी काठीनं दाखवला तो कोपऱ्यातला भलामोठा गंज, पंगतीचं वरण शिजवायचं भांडं. उभट, खोल, दोन गड्यांनी कड्याला बांबू घालून उचलावा असा. त्यात वाकली तर पुनमच दिसेनाशी झाली असती.

"मामाजी, एवढा कशाले? माह्या ऑर्डरी पन्नास-शंभर मानसाच्या."

"गंज घ्याचाच."

"तेवढ्या पैशात ग्राइंडर येते ना! ठेवाले जागा कुठी आहे? धुवाचा कसा?"

"मी सांगतो ना. चार गावची पंगत उठली पाह्यजे त्याच्यात."

झालं! पुनमचं डोकंच सणकलं. अस्सा आहे काय! म्हणजे भांडी सुनेसाठी नाहीत, गावात मिरवायला आहेत. जिथं तिथं आपलंच घोडं पुढं दामटायचं. इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं. परक्या दुकानात सासऱ्यापुढं आवाज चढवू नये हे तिलाही कळत होतं. चढला, त्याला काय करता!

"चार गावची पंगत! कोनाची ऑर्डर आहे आपल्याजवळ एवढी? सांगा ना, कोनाची?"

"माही."

"तुमची कशाची?"

"तेरवीची. मेल्यावरच्या तेराव्या दिवसाची."

जलालभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तोबा तोबा! काय बोलून राह्यले भाऊ! गंमत बी अशी करतेत का?"

गुणवंतराव हसले नाहीत. बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगून टाकलं. पोटात गाठ आहे. पसरली. मागं वर्ध्याले सोयऱ्याकडं जातो म्हणून गेले होते ना, ते सोयऱ्याकडं नव्हतेच गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. त्याच्याआधी इथल्या डॉक्टरला विचारलं होतं. दोघांचं एकच. कापण्याजोगं काही उरलं नाही. पाऊसपाणी पाहिलं तर पाहिलं, दिवाळीचं काही सांगता येत नाही.

पुनम पालथ्या घातलेल्या एका पातेल्यावर मटकन बसली. बाहेर हातगाडीवाला आंबे आंबे ओरडत होता आणि तिला वाटलं, याला कुणीतरी गप्प करा रे. म्हाताऱ्याची अर्धी पोळी ताटात राहायची, ती हिनंच रोज गाईला घातली होती. दिसलं कसं नाही? आणि आत्ता, आत्ता आपण या माणसावर ओरडलो! अवं माय, माझ्या जिभेला हाड आहे का नाही?

"यायले सांगतलं?" तिनं विचारलं.

"गोपालले? नाई. तो सारं विकून मले नागपूर-मुंबई फिरवन. तुलेच पयले सांगून राह्यलो."

"मंग हे भांडे काऊन? हेच पैसे दवाईले लावू. दुसरा डॉक्टर पाहू. चाला उठा, आत्ताच चाला!" ती उठलीसुद्धा.

"बस वं. दोन झाले म्हनलं ना." गुणवंतरावांनी काठी आडवी धरली. "आयक. मी तुले चारचौघात नावं ठेवली. पानठेल्यावर ठेवली. लोकायनं आयकली. म्हनून गावातली येक बी मोठी पंगत तुले भेटत नाई, हे मले मालूम आहे. गुणवंतरावच आपल्या सुनेच्या हातच्याले नाक मुरडते, तं दुसरा काऊन बलावन? आता माह्याच आंगनात, माह्याच नावाची पंगत, अन् रांधनार तू. चार गावं जेवून जातीन. मंग कोन बोलन?"

"घरची सून तेरवी रांधते का, मामाजी? लोक काय म्हनतीन!"

"म्हनू दे. मी थोडीच आयकाले राहीन?"

आणि हा माणूस स्वतःच्याच बोलण्यावर फिसकन हसला. जलालभाईंनी तोंड फिरवून रुमाल काढला. पुनमला हसावं की त्याच्या पायावर डोकं आपटावं ते कळेना. राग तर असा आला होता, असा आला होता, की दोन्ही मुठींनी सगळी भांडी बडवून काढावीत. इतका दुष्टपणा करून झाल्यावर इतकं चांगलं वागायचा हक्क याला कुणी दिला? तोही आता, हाताशी दिवस उरले नसताना?

ती गंजापाशी गेली. पदर खोचला, काठाला धरून आत वाकली आणि बुडाला हात लावला. बाहेर काही लवकर आली नाही. दाबून धरलेला हुंदका त्या खोल गंजात असा घुमला की रस्त्यावरच्या दोन बायका थबकून आत डोकावल्या. जलालभाईंनी त्यांना हातानंच पुढं जायला सांगितलं.

मग ती सरळ झाली. तोंड पुसलं, नाक ओढलं.

"जलालभाऊ, याचं बूड पतलं आहे. वरन करपते याच्यात. अन् लहान बी आहे. याच्याहून मोठा दाखवा."

"लहान?" गुणवंतराव म्हणाले. "अवं, चार गावचा आहे तो!"

"नाई पुरनार, मामाजी."

गुणवंतरावांनी काठी जवळ ओढली. दवाखान्यातून एकट्यानं एसटीत बसून आलेला, महिनाभर घरात शब्द न काढलेला माणूस. तो आता सुनेकडं टक लावून बघत होता.

"येतीन का वं?" त्यांनी हळूच विचारलं. "येवढे लोक, माह्यासाठी?"

"येतीन," पुनम म्हणाली.

वरच्या फळीवरचा मोठा गंज काढायला जलालभाई स्वतःच स्टुलावर चढले.