दीप्तीचं खातं बंद केलं तेव्हा

मी सर्व्हर बोलतोय. नाव ऐकून फार भपका डोळ्यांपुढं आणू नका. नागपुरातल्या एका विद्यापीठ विभागाच्या लॅबमध्ये, मागच्या भिंतीला, कूलरच्या बाजूला एक काळा डबा ठेवलेला आहे, तो मी. विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात कोणाची तरी मान खाली जाते.

माझ्याबरोबर आणखी एकोणतीस संगणक एकाच ट्रकमधून आले. त्यांना ओळीनं मुलांपुढं बसवलं. माझ्यात मात्र जास्तीची मेमरी घातली आणि मला कोपऱ्यात नेलं. मुलं त्यांच्या पडद्यावर जे भरतात ते माझ्याकडं येतं. मी ते तक्त्यांत लावून ठेवतो आणि मागितलं की परत देतो. एम.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला हाच विषय आहे: डेटाबेसवर चालणाऱ्या वेबसाइटी कशा बांधायच्या, त्याचा वरच्या पातळीचा अभ्यास. शिकवतात लांजेवार सर.

सरांचा पहिला धडा दरवर्षी तोच असतो. समोरच्यानं जे लिहून पाठवलं ते खरं मानायचं नाही. नावाच्या रकान्यात माणूस नावच लिहील असं धरून चालू नका, तो तिथं तुमच्या यंत्राला हुकूमही देऊ शकतो. या शिकवणीवर वाढल्यामुळं माझा स्वभाव संशयी झाला. आलेलं प्रत्येक अक्षर मी उलटून पाहतो. सरही तसेच. मुलांचा गृहपाठ तपासताना ते आधी बघतात की तो कोणाचा उतरवलेला आहे.

दीप्ती गजभिये कन्हानहून यायची. वडील खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. सकाळी साडेनऊची बस चुकली तर धापा टाकत यायची आणि बसायच्या आधी मशीन चालू करायची. सिकलसेलच्या रुग्णाला पुढचं रक्त केव्हा लागेल याची आठवण देणारी साइट हा तिचा प्रकल्प. तिच्या मावशीला तो आजार आहे, म्हणून त्या तक्त्यांत कोणते रकाने हवेत हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

ऑगस्टमध्ये तिला एक भोक सापडलं. चाचण्यांचे मार्क ज्या साइटवर ठेवतात ती आधीच्या एका तुकडीनं बांधलेली. तिथं नावाच्या रकान्यात एक अवतरणचिन्ह आणि पुढं चार अक्षरं टाकली, तर पासवर्ड न देता आत जाता येत होतं. दीप्तीनं तासाभरात सरांना जाऊन सांगितलं. दोघांनी बसून ते बुजवलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, असा विद्यार्थी असावा. तिचे कान लाल झाले होते.

दिवाळीच्या सुट्या संपल्या आणि एका सोमवारी वर्गातल्या सौरवनं आपले मार्क उघडले. पंचवीसपैकी अठरा होते, ते अकरा झाले होते. आणखी सहा जणांचे असेच उतरलेले. बाकीच्यांचे जसेच्या तसे. दीप्तीचे बावीसचे बावीस.

सर वर्गात आले. फळ्याकडं पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, की ते कोणाचं नाव घेत नाहीत, पण या साइटमध्ये चोरून शिरायचं कसं हे वर्गात कोणाला माहीत होतं, याचा प्रत्येकानं विचार करावा. अठ्ठावीस माना एकदम तिसऱ्या रांगेत बसलेल्या दीप्तीकडं वळल्या.

त्याच दुपारी मला सरांचा हुकूम आला. दीप्तीचं खातं बंद कर. मी केलं. हुकूम पाळणं एवढंच मला येतं. तिचा सगळा प्रकल्प माझ्या पोटात अडकला आणि तोंडी परीक्षेला अकरा दिवस उरले होते.

काय घडलं ते माझ्या नोंदीत होतं. कोण आलं, केव्हा आलं, काय बदललं, मी सगळं लिहून ठेवतो. पण आपणहून बोलणं माझ्या घडणीत नाही. दीप्तीला ते ठाऊक होतं. ती सरांकडं गेली आणि एवढंच म्हणाली, ‘‘सर, नोंद उघडून बघा.’’

सरांनी मान वर केली नाही. ‘‘नोंदही बदलता येते,’’ ते म्हणाले. ‘‘तुला तर नक्कीच येते.’’

 तिला जितकं जास्त येत होतं तितकी ती जास्त अडकत होती. पुढचे दिवस मी लांबून बघत होतो. तिच्या शेजारची मुलगी पासवर्ड टाकताना हात आडवा धरू लागली. शंका विचारायला रोज येणारा सौरव खुर्ची उचलून पलीकडच्या रांगेत गेला. दीप्ती तरीही येत राहिली. बंद खात्यापुढं वही उघडून प्रकल्पाचा कोड आठवून आठवून हातानं लिहीत बसायची. चारदा तिनं खोडरबर जमिनीवर पाडलं आणि चारही वेळा उचलायला कोणी वाकलं नाही.

आठव्या दिवशी विभागप्रमुख कौसल्या मॅडमनी लॅबमध्येच चौकशी ठेवली. सर होते, दीप्ती होती. सुट्यांत लॅब कोणी उघडली ते बघायला मॅडमनी चावीचं रजिस्टर मागवलं. ते घेऊन प्रयागबाई आल्या. रोज सकाळी माझ्यावरची धूळ त्याच पुसतात. त्यांना रजिस्टर ठेवून जायला सांगितलं, पण त्या गेल्या नाहीत.

‘‘मॅडम, सुट्यांत ही पोरगी आलीच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चाबी माह्यापाशी होती. शनिवारी लाइट गेली, मंग हे मशीन चालू होऊन नव्हतं राहिलं. मीच सरले फोन लावला. सर आले, म्हणाले जुनी कॉपी चढवून देतो. मी त्याहिले चहा आणून देल्ला. आठवते न सर?’’

सर कपाळाला हात लावून बसले. कौसल्या मॅडमनी माझी नोंद उघडायला लावली. शनिवार, दुपारी बारा चाळीस, लांजेवार सरांचं खातं, आणि चढवलेली प्रत दुसऱ्या चाचणीच्या आधीची. ज्या सात जणांनी मार्क वाढवायला दुसरी चाचणी दिली होती, त्यांचे वाढलेले मार्क त्या जुन्या प्रतीत नव्हतेच. दीप्तीनं ती चाचणी दिली नव्हती. पहिल्याच वेळी तिला बावीस मिळाले होते.

‘‘तुम्हाला आधी कोणी विचारलं नाही का?’’ मॅडमनी प्रयागबाईंना विचारलं.

‘‘मले कोण विचारते,’’ त्या म्हणाल्या आणि रजिस्टर उचलून गेल्या.

खातं तासाभरात उघडलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, तांत्रिक चुकीमुळं मार्क बदलले होते, आता दुरुस्त केलेत, वह्या काढा. वह्या निघाल्या. दीप्ती उभी राहिली.

‘‘सर, चूक कोणाची?’’

 सरांनी हातातला डस्टर टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

‘‘माझी,’’ ते म्हणाले.

ती खाली बसली. तीन दिवसांत तिनं प्रकल्प पुरा केला, तोंडी परीक्षा दिली, चांगले मार्क मिळवले. रामदासपेठेतल्या एका कंपनीत आता नोकरीला आहे. पण शेजारच्या मुलीचा हात शेवटच्या दिवसापर्यंत आडवाच राहिला. सवय झाली होती तिला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. माझा पंखा हल्ली घरघरतो. माझ्या जागी नवा सर्व्हर यायचा आहे, त्याचं खोकंसुद्धा येऊन पडलंय. परवा दीप्ती मार्कशीट घ्यायला आली होती. नव्या तुकडीतली गोपिका तिला मुद्दाम माझ्याजवळ घेऊन आली आणि हळूच काही दाखवू लागली. साइटवर फोटो चढवायच्या ठिकाणी फोटोऐवजी दुसरंच काही चढवता येतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं विचारलं, ‘‘ताई, सरले सांगू का? का चूप राहू?’’

 मला वाटलं, दीप्ती आता नको म्हणणार. म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

‘‘सांग,’’ ती म्हणाली. ‘‘पण तोंडी नको सांगू वं. कागदावर लिही, तारीख टाक, मॅडमच्या नावानं एक प्रत दे. अन् साक्षीदाराची सही घे.’’

गोपिकानं तिथंच बसून अर्ज लिहिला. दीप्तीनं पिशवीतून पेन काढलं आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केली.

तो अर्ज आत्ता सरांच्या टेबलावर आहे, वर पाण्याचा ग्लास ठेवलेला. सर अजून यायचे आहेत. मी उद्या असेन, नसेन. सरांनी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि मगच कोणाकडं बघावं, एवढंच जाता जाता माझं मागणं आहे.